घरातून निघून घरातच येणारी वायर

कुंभवली,
९ फेब्रुवारी २०२५

चि. सुलू,

आशीर्वाद. पत्र तुझ्या सुनेच्या, मेघालीच्याच हाती देतोय, म्हणजे टपालखात्याला उगाच तसदी नको.

तू परत फोन केलास. कशाला करतेस गं? चौतीस वर्षं कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, त्या पत्रे ठोकणाऱ्या यंत्रांचं मेंटेनन्स केलेल्या माणसाला फोनवर नुसतं घुंई ऐकू येतं. मागच्या खेपेला तू कोण वारलं ते सांगत होतीस आणि मी "छान, छान" म्हणत होतो. शोभलं का ते? म्हणून लिहीत जा. आणि त्या व्हॉट्सॲपचं नाव काढू नकोस. माझ्या एका बोटाखाली तिथली तीन अक्षरं येतात.

मेघालीची नवी बॅटरीची गाडी बघितली. गाडी म्हणायची म्हणून म्हणायची. नंबर नाही, लायसन नको, विमा नको. हल्ली अख्खं बोईसर अशाच गाड्यांवर बसलंय. सकाळी साडेसहाला नाक्यावर उभा राहिलो की ज्यांना सरळ चालता येत नाही असे लोक गाडीवरून जाताना दिसतात. एका हातात मोबाइल, पायात डबा, पुढे पोर, मागे बायको, आणि रस्त्याच्या उलट्या बाजूने! अक्कल विकून गाडी घेतात बहुतेक. आपली मेघाली तरी बरी, डावीकडून चालवते.

पण त्या शोरूमवाल्याची लबाडी बघ. तिला म्हणाला, "मॅडम, ही पंचवीसच्या वर जात नाही. जास्त हवं असेल तर पंधराशे द्या, करून देतो." म्हणजे आधी बिघाड घालून विकायची आणि मग तोच बिघाड काढायचे पैसे मागायचे. मी म्हटलं, आण इकडे. सीट उचलली. आत कंट्रोलरचा डबा. त्यातून एक पांढरी वायर बाहेर निघते, वीतभर फिरते आणि परत त्याच डब्यात शिरते. मधे एक टिचभर कनेक्टर. अगं, घरातून निघून घरातच येणारी वायर! कुठल्या दीडशहाण्याने जोडली असेल? आमच्या शॉपमध्ये असली वायरिंग कुणी केली असती तर मी त्याला गेटाबाहेर काढला असता. दिला कनेक्टर उपसून. दोन्ही तोंडांना लाल टेप, तीन वेढे, आणि टोकाला घडी, म्हणजे पुढच्याला नखाने सोडवता येते. माझी पद्धत तुला माहीत आहे.

आणि मग गाडी जी पळाली! पोरगी नाक्यापर्यंत जाऊन आली तर तोंडाला बांधलेल्या ओढणीतूनसुद्धा हसू दिसत होतं. मजुरी म्हणून तिच्याकडून एक कप चहा करून घेतला.

नाक्यावर साखरबाई भाजी घेऊन बसली होती. ती म्हणाली, "भाऊ, या गाड्या येतात ते कलतच नाय." मी म्हटलं, मला तर ट्रकपण कळत नाही.

तुझा
दादा


पालघर,
१६ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,

सा. न. पत्र मिळालं. वाचून मेघाली आणि मी दोघी हसलो, मग ती म्हणाली, "मामंजी मला 'तरी बरी' म्हणाले, म्हणजे फार झालं."

गाडीचं फार उत्तम केलंस. तिला बोईसर स्टेशनवरून कंपनीत पोचायचं म्हणजे शेअर रिक्षात चौथी सीट भरेपर्यंत बसून राहायचं. तीन वेळा उशीर झाला की अर्ध्या दिवसाची रजा कापतात. तिचा नवरा, आपला भाग्येश, तिकडे जामनगरला कंत्राटावर, घरी मी आणि माझे गुडघे. तिच्या नोकरीवर घर चाललंय, हे तुला काय सांगायचं. आता गाडी बोईसर स्टेशनपाशी ठेवते आणि सातच्या आत मशीनवर उभी असते.

एकच विचारते, रागावू नकोस. ती म्हणते आता गाडी पन्नासला जाते. हे कायद्यात बसतं ना? शेजारचे धर्माजी म्हणत होते की या गाड्यांना मुद्दाम वेग कमी ठेवलेला असतो, म्हणूनच लायसन माफ आहे. मला त्यातलं काही कळत नाही. तू बघितलंस म्हणजे बरोबरच असेल, तरी पण एकदा सांग.

गावठी लसणाची जुडी पाठवते आहे. मेघालीकडून घे.

सुलू


कुंभवली,
१४ मार्च २०२५

चि. सुलू,

तुझ्या धर्माजीला सांग, तू आपली पेन्शन मोज. बिघाड काढणं कधीपासून कायद्याबाहेर गेलं? हा विषय संपला. मला वेगळंच लिहायचं आहे.

गेल्या आठवड्यात मंगळवारी सकाळी पावणेसातला आमच्या नाक्यावर साखरबाईला बॅटरीच्या गाडीने उडवलं. रस्ता ओलांडून चहा आणायला निघाली होती. उजवा हात मनगटापाशी दोन ठिकाणी मोडला. दवाखान्यात पट्टी घालून स्क्रू मारलेत. डॉक्टर म्हणाले की हाड जुळेल, पण बोटांत जोर येईल असं सांगता येत नाही. साखरबाईच्या बोटांत जोर नाही, म्हणजे तिने खायचं काय? लाल माठाच्या जुड्या केळीच्या सोपटाने आवळून बांधायच्या, हाच तिचा धंदा. डाव्या हाताने आणि दातांनी करून बघत होती परवा. सोपट तुटलं, भाजी सांडली, मला बघवलं नाही.

साखरबाई कोण हे तू विसरली असशील. आमच्या शॉपमध्ये झाडायला होती. सत्त्याण्णव साली तीन नंबरच्या प्रेसमध्ये माझा हात आत असताना एका गाढवाने मशीन चालू केली. सगळे ओरडत उभे राहिले. ही एकटी झाडू टाकून धावली आणि मेन स्विच पाडला. सुपरवायझरने तिलाच झापलं की प्रोडक्शन थांबवलं म्हणून. आज मी तुला ज्या हाताने लिहितोय तो हात तिने ठेवलेला आहे.

आणि उडवणारी कोण, तर कुणालाच माहीत नाही! बाई होती एवढं नक्की. ओढणीने तोंड बांधलेलं, नुसते डोळे उघडे. कंपनीत जाणारी प्रत्येक पोरगी तशीच जाते. गाडी पांढरी. दर तिसरी गाडी पांढरी. साखरबाई म्हणते, "उतरली ती. मावशी लागलं का म्हनाली. मंग लोक धावले, तशी घाबरली नि गेली." उतरली म्हणे! फार उपकार केले. पाठ दाखवून पळायची ती पळालीच ना? असल्या भित्र्या, निर्लज्ज माणसांना रस्त्यावर पायी चालायचीसुद्धा परवानगी देऊ नये.

पोलीस ठाण्यात गेलो. जमादार म्हणाले, "काका, नंबर सांगा." मी म्हटलं, नंबर असता तर तुमच्याकडे कशाला आलो असतो? त्यांनी लिहिलं, "अज्ञात वाहन." विमा नाही म्हणजे भरपाईही नाही.

पण माझ्याकडे एक वस्तू आहे. तिथे रस्त्यावर इंडिकेटरच्या काचेचा नारिंगी तुकडा पडला होता. तो मी डबीत घालून फळीवर ठेवलाय. मेघालीला विचार, तिच्या कंपनीत कुणाच्या पांढऱ्या गाडीचा इंडिकेटर फुटलाय का. आणि ती हल्ली माझ्याकडे येत का नाही? नाइट लावली की काय? हे पत्र टपालाने टाकतोय.

दादा


पालघर,
५ एप्रिल २०२५

ती. दादास,

उत्तराला उशीर झाला. गुडघे दुखत होते.

साखरबाईंचं वाचून फार वाईट वाटलं. मला त्या चांगल्या आठवतात. तुझ्या रिटायरमेंटला माझ्याशेजारी जेवायला बसल्या होत्या. डिंकाचे लाडू आणि नाचणीचं सत्त्व पाठवते आहे. दुसऱ्या एका कंपनीच्या बसवरचा कैलास आमच्याच गल्लीत राहतो, त्याच्या हाती देते. लाडू हाडाला चांगले. दुधाला म्हणून पाकिटात थोडे पैसे ठेवलेत. माझं नाव सांगू नकोस, तुझेच म्हणून दे.

मेघाली नाइटला नाही, पहिल्या पाळीलाच आहे. गाडी बिघडली म्हणून टेम्पोत घालून घरी आणली आहे. आता ती रिक्षानेच जाते. कंपनीत कुणाच्या गाडीचं काही तिला माहीत नाही म्हणाली.

दादा, एक सांगू? जे झालं ते झालं. ती जी कुणी असेल तिच्याही मनाला टोचत असेल. तू रोज नाक्यावर जाऊन उन्हात उभा राहू नकोस. तुझं बी.पी. आहे.

सुलू


कुंभवली,
१० एप्रिल २०२५

चि. सुलू,

लाडू पोचले. साखरबाईने एक मलाही खायला लावला. पैसे दिले. तू कधीपासून एवढी दानशूर झालीस? लहानपणी चिंचेचं एक बोटूक वाटून खायचं म्हटलं की भोकाड पसरायचीस.

पण "जे झालं ते झालं" हे तुझं वाक्य वाचून डोकं फिरलं. तिच्या मनाला टोचत असेल म्हणे! टोचत असतं तर महिनाभरात एकदा तरी येऊन तोंड दाखवलं असतं. ती आत्ता मजेत नवी ओढणी बांधून कामावर जात असेल. आणि तू तिच्यासाठी हळवी होतेस? अशा हळव्या लोकांमुळेच हे रस्त्यावरचे मोकाट सुटलेत.

मी नाक्यावर जातोच. वही घेऊन. रोज सहा ते सव्वासात. पांढऱ्या गाड्या एकशे बारा मोजल्या, प्रत्येकीचा इंडिकेटर बघितला. लोक मला वेडा म्हणतात, म्हणू देत. निदान मी उलट्या बाजूने येत नाही.

शिवाय परवा पेपरात आलंय, कात्रण जोडतोय. या गाड्यांना कारखान्यातूनच वेगाचं कुलूप घातलेलं असतं. मधले हरामखोर मेकॅनिक ते उघडून देतात आणि गाडी दुप्पट पळायला लागते. म्हणजे तुझा धर्माजी अगदीच बरळत नव्हता. मी ते कात्रण नाक्यावर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. मी मोठ्यानेच वाचतो, मला कमी आवाज कळत नाही. म्हटलं, चालवणारीला नंतर पकडा, आधी ज्याने कुलूप उघडलं त्या नालायकाला पकडा. चालवणारी एकदाच धडकते, हा शंभर गाड्या सोडतो. त्याची बोटं मोडली पाहिजेत, साखरबाईची मोडली तशीच. रिक्षावाल्यांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात कधी नियमाने रिक्षा चालवली नाही, पण टाळ्या वाजवल्या.

मेघालीची गाडी बिघडली तर मला का नाही सांगितलं? टेम्पोत घालून इकडे पाठव. दहा मिनिटांचं काम असेल.

दादा


पालघर,
१९ एप्रिल २०२५

ती. दादास,

गाडी पाठवत नाही. राहू दे तिला गोणपाटाखाली.

साखरबाईंची बोटं हलतात का, तेवढं कळव. मेघाली रोज विचारते.

सुलू


कुंभवली,
२६ एप्रिल २०२५

चि. सुलू,

हे पत्र वाचून झालं की फाडून टाक.

काल नाक्यावर आरटीओची गाडी आली. तीन माणसं, बरोबर दोन ट्रॅफिकवाले. सकाळच्या पाळीला जाणाऱ्या सगळ्या बॅटरीच्या गाड्या अडवल्या. मला वाटलं, देव पावला! वही घेऊन अगदी पुढे जाऊन उभा राहिलो. जे काही नाटक चाललं ते तू बघायला हवं होतंस. एक जण म्हणाला, गाडी मेव्हण्याची आहे. एक जण म्हणाला, मी चालवत नव्हतो, ढकलत होतो. एक बाई रडायला लागली, तिचा नवरा तिला तिथेच सोडून मागच्या मागे पसार. मला एवढा आनंद झाला की काय सांगू.

मग त्या साहेबाने एका गाडीची सीट उचलली. लोकांना दाखवत होता, वेगाचं कुलूप म्हणजे नक्की काय. मला ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं. त्याने दोन बोटांत एक पांढरी वायर धरली. कंट्रोलरमधून निघालेली, कंट्रोलरमध्येच जाणारी. मधे टिचभर कनेक्टर, सुटा. साहेबाने तो जोडला आणि मागचं चाक फिरवून दाखवलं, सावकाश. परत सोडला, चाक भिंगरीसारखं फिरलं.

सुलू, मी घरी आलो आणि पाणी प्यायलो.

आता नीट वाच. मेघालीची गाडी मला बघायलाच हवी. मी ती वायर परत जोडून देतो. कुणाला कळायचं कारण नाही. टेप काढली की खूणसुद्धा राहत नाही. मी काही पैशासाठी केलं नव्हतं, ते मेकॅनिक वेगळे आणि मी वेगळा. बिघाड समजून केलं. आणि आपली मेघाली काही कुणाला धडकणारी नाही. घरातली गोष्ट घरात मिटवू. उगाच चारचौघांत वाच्यता नको, मी तिथे एवढं बोलून बसलोय. कैलासला सांगून टेम्पो बघ.

दादा


पालघर,
३० एप्रिल २०२५

दादा,

तुझं पत्र फाडलं नाही. कपाटात ठेवलंय. परत परत वाचायला ठेवलंय.

डबीतला नारिंगी तुकडा घे आणि ऐक. त्याची दुसरी बाजू आमच्या अंगणात गोणपाटाखाली आहे. साखरबाईंना मेघालीने उडवलं.

त्या दिवशी ती अर्ध्या पाळीतून घरी आली. मोरीत जाऊन उलट्या करत होती. मला म्हणाली, "आई, मावशी एकदम समोर आल्या, ब्रेक दाबला, पण गाडी थांबलीच नाही. एवढ्या वेगात ती थांबतच नाही." त्याच दिवशी ठाण्यात जायला निघाली होती. मी दाराला कडी घातली. भाग्येश इथे नाही, नोकरी गेली तर घर कोण चालवणार, हे सगळं मीच तिला ऐकवलं. तिचे हातपाय धरले म्हणालास तरी चालेल. म्हणजे पळणारी ती एकटी नाही, मी पण आहे. लाडू करून पाठवले आणि वाटलं, पाप थोडं फिटलं. किती स्वस्तातली मी!

आणि तू. निर्लज्ज, भित्री, मजेत ओढणी बांधून जाणारी, सगळं लिहिलंस. तुझी ती पत्रं टपालाने यायची आणि माझा चष्मा सापडत नसला की तीच मला वाचून दाखवायची. एकदाही थांबली नाही. पेपराचं कात्रणही तिनेच वाचलं. कुलूप उघडणाऱ्याची बोटं मोडा, तिथे मात्र थांबली. म्हणाली, "आई, हे मामंजींना कळू देऊ नका. त्यांना सहन होणार नाही." दीड महिना ती तुला वाचवत होती, दादा. तू तिला शिव्या देत होतास आणि ती तुला वाचवत होती.

मी फेब्रुवारीत विचारलं होतं, हे कायद्यात बसतं का. तू म्हणालास, विषय संपला. तुझं असंच असतं. जग सगळं गाढव आणि तू एकटा शहाणा. ती वायर घरातून निघून घरातच का जाते, हे एकदा कुणाला विचारलं असतंस तर काय बिघडलं असतं? पण विचारायचं म्हणजे आपल्याला माहीत नाही हे कबूल करायचं. आणि आता साहेबाने दाखवल्यावर मला लिहितोस, गुपचूप जोडून देतो, घरातली गोष्ट घरात मिटवू. नाक्यावर टाळ्या घेतल्यास त्या कुणाच्या घरातल्या गोष्टीवर? लाज वाटली रे मला तुझी. साठ वर्षांत पहिल्यांदा वाटली.

कनेक्टरला हात लावायचा नाही. टेप तशीच आहे, तीन वेढे, टोकाला घडी.

मेघाली रविवारी गाडी घेऊन ठाण्यात जाणार. या वेळी मी कडी घालणार नाही. कैलास टेम्पो देतोय. तू बरोबर येणार, की तिने एकटीने जायचं? तेवढं कैलासच्या हाती एका ओळीत कळव. ती म्हणते, तुझं नाव सांगणार नाही. मी म्हणते, ते तू ठरव.

सुलू


कुंभवली,
११ मे २०२५

चि. सुलू,

माझी ती एका ओळीची चिठ्ठी पोचलीच होती. काय झालं ते मेघालीने सांगितलं असेलच. तरी माझ्या हाताने लिहितो. तू परत वाचायला कपाटात ठेव.

मागच्या रविवारी ठाण्यात तेच जमादार होते. मला बघून म्हणाले, "काका, सापडली का तुमची अज्ञात वाहनवाली?" मेघालीने तोंडावरची ओढणी सोडली आणि म्हणाली, "मीच." मग मी डबीतला तुकडा टेबलावर ठेवला, तो गाडीला लावून बघितला. बसला. मग मी म्हटलं, आता दुसरा जबाब घ्या. गाडीचं कुलूप उघडणाऱ्याचा. ते म्हणाले, कोण मेकॅनिक? मी म्हटलं, नरहरी, वय सदुसष्ट, राहणार कुंभवली, स्वतःला इलेक्ट्रिशियन समजतो. मेघाली मधेच म्हणाली, त्यांना माहीत नव्हतं. मी म्हटलं, ते लिहू नका. माहीत नसताना हात घातला, असं लिहा. सीट उचलून टेप दाखवली. जमादारांनी फोटो काढला. टेप फार व्यवस्थित लावलीय म्हणाले. माझ्या कामाला दाद मिळाली ती ही.

गाडी जप्त झाली. मेघालीवर लायसन नसताना निष्काळजीपणे चालवल्याची आणि जखमीला तशीच टाकून निघून गेल्याची केस, माझ्यावर गाडीत बेकायदा फेरफार केल्याची. दंड किती, शिक्षा काय, साखरबाईला भरपाई किती, ते कोर्ट सांगेल. भरपाई मी देणार. तुम्ही दोघींनी त्यात हात घालायचा नाही. मेघालीच्या कंपनीचं अजून काही कळलं नाही. तिच्या मॅनेजरला भेटायला गेलो होतो, त्याने बसायलाही सांगितलं नाही. पूर्वी असल्या माणसाला मी चार शब्द सुनावून आलो असतो. उभ्याउभ्या ऐकून घेतलं.

हे झालं ठाण्याचं. पण टेम्पो ठाण्यात जायच्या आधी मी नाक्यावर थांबवला होता. ते आधीचं मुद्दाम शेवटी लिहितोय, कारण लिहायला हात पुढे होत नव्हता.

मेघालीला म्हटलं, आधी साखरबाईला सांगायचं, मग पोलिसांना. गाडी खाली उतरवून आम्ही दोघांनी ती ढकलत नेली. साखरबाई तिच्या पोत्यावर बसली होती. नुसती बसायला येते, दुसरीकडे करमत नाही. रिक्षावाले होते, पानवाला पुंजाराम होता, दहावीस गिऱ्हाइकं होती. ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या ते सगळे. मेघाली तिच्या पायाशी बसली आणि सांगितलं. साखरबाईने तिच्या डोक्यावर डावा हात ठेवला. म्हणाली, "तुजे डोले वलखले व्हते मी. रोज जायाचीस ना इथून." म्हणजे तिला माहीत होतं, सुलू. तिने पोलिसांनाही सांगितलं नव्हतं.

मग मी सांगितलं. माझ्या आवाजात, म्हणजे अख्ख्या नाक्याला कळेल असं. वायर, टेप, चहा, सगळं.

साखरबाईने माझ्याकडे बघितलं. मग काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही. मी कानाला हात लावून म्हटलं, काय? तिने परत म्हटलं. मला नाहीच कळलं. मी म्हटलं, साखरबाई, मोठ्याने बोल. मेघाली माझा हात ओढत होती, चला म्हणत होती. तिने ऐकलं होतं. मी हललो नाही. तेव्हा साखरबाई ओरडून म्हणाली,

"तवा मी मेन स्विच पाडला नसता तर बरं झालं असतं, भाऊ. तुमचा हात गेला असता, माजा रायला असता."

सगळ्या नाक्याने ऐकलं. पुंजाराम पानाला चुना लावत होता तो तसाच थांबला. मी मान हलवली आणि गाडी ढकलायला लागलो. दुसरं काय करणार?

सोमवारी सकाळी सहाला मी नाक्यावर गेलो. वही नेली नाही. तिच्या पोत्यावर, तिच्या शेजारी बसलो आणि माठाच्या जुड्या बांधायला घेतल्या. तिने हाकललं नाही. मी दिवसभरात साठ जुड्या बांधतो. तीन वेढे आणि टोकाला घडी. ती एकेक जुडी उचलून बघते, डाव्या हाताने सोडते आणि माझ्यापुढे टाकते. "सैल हाय," म्हणते, "परत बांधा." तेवढं मला ऐकू येतं.

दादा